आडनावं विचारणारे व्याही

आमचे व्याही आयर्लंडहून नाशिकला आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी कॉलनीतल्या दारांवरच्या पाट्या वाचत फिरायला लागले. उंच, लाल कानांचा, निवृत्त बसचालक माणूस. बायको वारलेली. एकुलती मुलगी आमची सून. पाटी मराठीत असली की ते माझ्या मुलाला हाक मारायचे आणि मुलगा वाचून दाखवायचा. शेजारच्या वहिनींनी मला फाटकाशी गाठून विचारलं, पाहुणे काही शोधतायत का. मी म्हटलं, त्यांना आडनावांचा नाद आहे.

तो नाद मलाही होता, म्हणून मला ते पहिल्या दिवसापासून आवडले. मी वीज कार्यालयात बिलांच्या तक्रारींच्या खिडकीवर नोकरी केली. समोरच्यानं आडनाव सांगितलं की गाव मी सांगायची. देवरे, बच्छाव, अहिरे असले की सटाणा-मालेगावकडचे. आव्हाड, सांगळे म्हणजे सिन्नरकडचे. भोये, गावित, महाले म्हटलं की पेठ-सुरगाण्याचा डोंगर. कधी चुकायचं, पण क्वचित. लोक हसायचे, तक्रार विसरायचे. आमच्या खात्यात ही माझी ओळखच झाली होती.

आमची स्वतःची आडनावं मात्र इथे लिहीत नाही. आपल्याकडे आडनाव वाचलं की वाचणारा पुढचं सगळं स्वतःच ठरवून टाकतो, आणि जे सांगायचंय ते तसंच राहतं.

मुलगा तिकडे एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात आहे, सून प्राथमिक शाळेत शिकवते. ती तेव्हा गरोदर होती. बाळंतपणानंतर इतक्यात येणं जमणार नाही म्हणून दिवाळी झाल्यावर तिघंही आले होते. व्याह्यांचं इंग्रजी मला अर्धंच कळायचं, उच्चार फार वेगळे. मुलगा मधे बसून मराठीत सांगायचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी त्यांना नाशिक जिल्ह्याची आडनावं सांगितली. कुठली कुठल्या तालुक्यात दाट, कुठली विरळ. आमच्याकडे गावाला 'कर' लावणारे तसे कमीच, हेही सांगितलं. ते एवढे खूश झाले की टेबलावरच्या वाट्या सरकवून त्यांनी त्यांच्या देशाचा नकाशा मांडला. दक्षिणेला मर्फी आणि ओ'सलिव्हन, वायव्येच्या टोकाला गॅलहर, पूर्वेला समुद्राकाठी बर्न. 'ओ' म्हणजे नातू, वंशज. 'मॅक' म्हणजे मुलगा. कुणीतरी एक मूळ पुरुष असतो आणि पुढचे सगळे त्याच्या नावानं ओळखले जातात. मुलीसाठी वेगळा शब्द. त्यांच्या भाषेत बापाचं आणि लेकीचं आडनाव अगदी एकसारखं नसतंच.

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्यांचे आजोबा स्मिथ म्हणून जन्मले, स्मिथ म्हणून गेले. पण घराण्याचं मूळ नाव मॅक गावन, लोहाराचा मुलगा. मला त्यात आपलं 'गाव' ऐकू आलं आणि मी हसले. इंग्रजांचं राज्य होतं, कागदावर लिहिणारे इंग्रजीत लिहीत. लोकांनी 'ओ' आणि 'मॅक' गाळले. कुणी नावाचं भाषांतर केलं, कुणाचं भाषांतर दुसऱ्यानंच करून टाकलं. त्यांच्या कॅव्हन परगण्यात कितीतरी मॅक गावन असे स्मिथ, म्हणजे इंग्रजीतले लोहार, झाले. शेजारच्या भागांत तेच लोक मॅकगोवन म्हणून टिकले.

मी विचारलं, लोकांनी चालवून कसं घेतलं. स्वतःचं नाव एखादा माणूस असं कसं सोडेल?

व्याही म्हणाले, भूक लागलेली असते तेव्हा माणूस नावासाठी भांडत नाही. स्वतः त्यांनी मोठेपणी जुनं नाव परत घेतलं होतं. येणाऱ्या बाळाच्या नावात त्यांना ते हवं होतं, आमच्या आडनावाला जोडून. म्हणून त्यांनी विचारलं, तुमचं आडनाव कुठलं, त्याचे लोक कुठे राहतात?

हे तर मला पाठ होतं. निफाडकडचं, मी म्हणाले. बागायती पट्ट्यातलं जुनं शेतकरी घराणं. माझं माहेरही त्याच बाजूचं. माझ्या वडिलांनी स्थळ आलं तेव्हा आडनाव ऐकून अर्धा होकार तिथेच दिला होता. मुलगा हे सगळं इंग्रजीत सांगत होता.

माझे यजमान संत्रं सोलत बसले होते. जेवताना ते फारसं बोलत नाहीत. त्यांनी सालं एका बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ते आडनाव आमचं नाही."

मुलाला वाटलं बाबा काही गंमत करतायत. त्यानं भाषांतरही केलं नाही.

"माझे वडील हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावरचे," ते म्हणाले. "आडनाव गुरुजींचं."

गुरुजी म्हणजे माझे आजेसासरे. निदान लग्नापासून मी तसं समजत होते. मी लग्न होऊन आले तेव्हा ते हयात नव्हते, बैठकीत फोटो होता, टोपी आणि बंद गळ्याचा कोट. तरुणपणी ते डोंगरातल्या शाळेवर होते हे मला ठाऊक होतं. यजमानांनी त्या दुपारी सांगितलं ते असं: गुरुजींना मूलबाळ नव्हतं. पाड्यावरच्या शाळेत एक पोरगा फार चटपटीत निघाला. त्याचा बाप तापानं गेला होता. गुरुजींची बदली नाशिकला झाली तेव्हा ते त्याला बरोबर घेऊन आले, घरात वाढवला, शिकवला आणि आपलं आडनाव दिलं. निफाडच्या भाऊबंदांकडे गुरुजींचं जाणं-येणं राहिलं नव्हतं, आणि नाशिकमध्ये नव्यानं ओळख झालेल्यांना तो त्यांचा मुलगाच वाटला. तो पोरगा म्हणजे माझे सासरे.

मुलगा हळूहळू इंग्रजीत सांगत होता, आणि सांगता सांगता त्याचा आवाज बदलत गेला, कारण तोही पहिल्यांदाच ऐकत होता. सुनेनं त्याचा हात धरला. व्याही अस्वस्थ झाले. आपण काही भलतंच विचारून बसलो असं त्यांना वाटलं असावं.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. पहिल्या क्षणी माझ्या मनात काय आलं तेही लिहायला हवं. मनात आलं, म्हणजे मी कुणाच्या घरात आहे? ज्या माणसाबरोबर संसार केला, ज्याच्या आईचं आजारपण काढलं, त्याच्याबद्दल हा प्रश्न माझ्या मनात आला. इतक्या वर्षांच्या खिडकीवरच्या सवयीसारखा, आपोआप. त्या प्रश्नाचा मला जेवढा धक्का बसला तेवढा बातमीचाही बसला नसेल.

संध्याकाळी खोलीचं दार लावून मी यजमानांना विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं. वडिलांच्या शेवटच्या आजारात, ते म्हणाले. सासूबाईंना माहीत होतं? त्यांना पहिल्यापासून. आणि ताईंना, म्हणजे माझ्या नणंदेला? त्यांनी मान हलवली. त्यांनाही होतं.

म्हणजे त्या घरातल्या मोठ्यांत माहीत नसलेली मी एकटीच. सणावारी त्याच घरात मी सगळ्यांची पानं वाढत होते, आणि वाढणारी सोडून पंगतीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुझ्या वडिलांनी आडनाव बघून मुलगी दिली होती," ते म्हणाले.

वडील आता नाहीत. असते तर त्यांनी काय केलं असतं हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि यजमानांनाही ठाऊक होतं.

पुढचे दोन दिवस मी कामापुरतंच बोलले. व्याही बिचारे पाट्या वाचायला बाहेर पडेनासे झाले. मला जुन्या गोष्टी एकेक करून वेगळ्याच दिसायला लागल्या होत्या. सासरे दरवर्षी भात कापणीच्या सुमाराला एकटेच त्र्यंबकला जायचे. मी त्यांना दशम्या आणि चटणी बांधून द्यायची. बरोबर कुणी आलेलं त्यांना चालायचं नाही, देवाला एकट्यानं जावं म्हणायचे. परत येताना पिशवीत नवा तांदूळ आणि नागली, म्हणजे नाचणी. हरसूलच्या बाजारातून आणली म्हणायचे. एवढी भक्ती आणि घरात कधी साधा त्र्यंबकराजाचा फोटो नाही, हे मला कसं खटकलं नाही कोण जाणे. मी यजमानांना विचारलं, तर ते म्हणाले, त्र्यंबकला ते फक्त एसटी बदलायचे.

तिथे अजून कोण आहे, मी विचारलं. सासऱ्यांचा धाकटा भाऊ वारला होता. त्याची बायको होती, म्हातारी, म्हणजे माझी चुलत सासू. यजमान स्वतः एकदाच गेले होते, वडील गेल्याचं सांगायला. पुन्हा जायचं धाडस झालं नाही.

"मला तिथे न्या," मी म्हणाले.

घाटाचा रस्ता म्हणून सून घरी राहिली. गाडीत आम्ही दोघं, मुलगा आणि व्याही. व्याह्यांना न्यायला यजमान आधी तयार नव्हते, पण मीच म्हटलं, त्यांनी विचारलं म्हणून तर कळलं. हरसूल ओलांडून पुढे रस्ता अरुंद झाला. भातं कापून झालेली, खाचरं मोकळी पडलेली. यजमानांनी दोनदा थांबून वाट विचारली आणि दोन्ही वेळेला तिथलं आडनाव सांगितलं. त्यांच्या तोंडून ते आडनाव मी पहिल्यांदा ऐकलं. दोन्ही वेळेला समोरच्यानं हसून विचारलं, त्यातलं कोणाचं घर? इथं समदे तेच हायेत.

म्हातारी अंगणात नागली पाखडत होती. यजमान पुढे जाऊन वाकले. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. कोण म्हणून तिनं विचारलंच नाही. सासऱ्यांसारखाच यजमानांचा चेहरा आहे. माझ्याकडे बघून ती म्हणाली, ही सून ना, दशम्या करणारी.

मी बांधून दिलेल्या दशम्या सासरे इथे आणून सगळ्यांना वाटायचे. मला या बाईचं अस्तित्व ठाऊक नव्हतं आणि तिला माझ्या हातची चव ठाऊक होती. मी तिथेच जमिनीवर बसले. तिनं आत जाऊन पाणी आणलं.

मग ती बोलत राहिली. सासऱ्यांच्या आईबद्दल तिनं सांगितलं. गुरुजींनी मुलगा मागितला तेव्हा ती माउली एका अटीवर कबूल झाली. शिकव, तुझ्या घरी ठेव, पण दरसाली नवा भात खायला त्यानं माझ्याकडे आलं पाहिजे. गुरुजींनी ते पाळलं. लहान होता तोवर ते स्वतः आणून सोडायचे. ती गेल्यावरही सासरे येत राहिले. शेवटच्या वर्षी त्यांना चालवत नव्हतं, तेव्हा रस्त्यापासून भावाच्या मुलांनी खांद्यावर आणलं. त्या वर्षी आम्ही घरी त्यांना रागावलो होतो, एवढ्या वयात देवदेव कशाला म्हणून.

यजमान उठून गोठ्याच्या बाजूला गेले. बराच वेळ तिकडेच उभे होते. परत आले तेव्हा त्यांनी काहीतरी ठरवलेलं दिसलं. ते काकूसमोर बसले आणि म्हणाले की आता त्यांना आपलं खरं आडनाव लावायचं आहे, इथलं. मुलाला म्हणाले, बाळालाही तेच लावा. मुलानं व्याह्यांना सांगितलं. व्याह्यांचा चेहरा उजळला, त्यांनी यजमानांच्या खांद्यावर हात ठेवला.

म्हातारीला समजेना. "कोनतं खरं?" तिनं विचारलं.

यजमानांनी पाड्याचं आडनाव सांगितलं.

"त्ये तं गुरुजीनंच लिवलं," ती म्हणाली.

तिचा नवरा आणि माझे सासरे एकाच शाळेत बसलेले, म्हणून तिला ही गोष्ट ठाऊक होती. पाड्यावर त्याआधी शाळा नव्हती. गुरुजी आले, पोरं गोळा केली, नाव विचारलं. पोरांनी सांगितलं. बापाचं विचारलं, तेही सांगितलं. आडनाव विचारलं, तेव्हा सगळी गप्प. तसं काही असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. कुळी ठाऊक होती, देव ठाऊक होते, पण कागदावर लिहायचं आडनाव नव्हतं. शाळा एका कारभाऱ्याच्या पडवीत भरायची. गुरुजी राहायचेही त्याच्याकडेच. कारभाऱ्याला आडनाव होतं, त्याचं सरकारदरबारी जाणं-येणं असायचं. गुरुजींनी सगळ्या पोरांना तेच लावून टाकलं. पोरं मोठी झाली, त्यांची पोरं झाली, पाडाभर तेच झालं.

ती हे अगदी साधेपणानं सांगत होती, विहीर कोणी खणली ते सांगावं तसं. मी खिडकीवर बसून हेच आडनाव ऐकायची आणि फुशारकीनं सांगायची, तुम्ही हरसूलकडचे. तिकडचे होतेच ते. पण त्याला मूळ म्हणावं असं काही नव्हतं. एका मास्तरानं एका सकाळी हजेरी घेता घेता ते वाटून टाकलं होतं.

यजमान म्हणाले, "म्हणजे दोन्ही नावं एकाच माणसानं दिली."

व्याह्यांना सगळं समजायला वेळ लागला. मुलाला दोनदा सांगावं लागलं. मग ते अंगणातल्या खाटेवर बसले आणि सावकाश बोलले. मुलानं मला सांगितलं, ते म्हणतायत, मला वाटायचं मागे मागे गेलं की कुठेतरी खरं नाव सापडतं. मग ते म्हणाले, त्यांचा तो लोहार, त्याला तरी त्याचे शेजारी काय म्हणायचे कुणास ठाऊक.

म्हातारीनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नवा तांदूळ, उडदाचं आमटीसारखं पातळ कालवण, भाजलेली मिरची. व्याह्यांचे डोळे मिरचीनं वाहत होते तरी त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला.

परतताना गाडीत यजमान मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसले. मी त्यांना म्हटलं, माझा राग गेलेला नाही. ते म्हणाले, माहीत आहे. त्र्यंबकजवळ अंधार पडला, तेव्हा मी त्यांचा हात धरला. राग पुढे कितीतरी महिने राहिला. अधूनमधून अजूनही येतो, विशेषतः नणंद फोनवर नेहमीसारखी मोकळेपणानं बोलते तेव्हा.

मंडळी परत गेली. मी हे माझ्या भावाला सांगितलं. लपवायचं कारण मला दिसेना. तो निफाडला असतो, वडिलांची शेती बघतो. तो म्हणाला, तुला कळलं ते कळलं, चारचौघांत सांगत कशाला बसतेस, आपल्या घरातल्या पोरींची लग्नं व्हायची आहेत. मी त्याला विचारलं, इतकी वर्षं ज्यांना भाऊजी म्हणून मान दिलास ते कालचे आणि आजचे वेगळे आहेत का? तो म्हणाला, तसं नव्हे. संक्रांतीला तो आला नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माहेरहून वाण आलं नाही. उन्हाळ्यात आला, द्राक्षं घेऊन. यजमानांशी बोलला, पण जेवायला थांबला नाही. पुढचं मला माहीत नाही.

फाल्गुनात म्हातारीचे डोळे दाखवायला तिच्या मुलानं तिला नाशिकला आणलं. ऑपरेशन झालं आणि ती आमच्याकडे राहिली. शेजारच्या वहिनींनी फाटकाशी विचारलं, कोण आलंय. मी म्हटलं, माझी चुलत सासू. कुठल्या, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी गाव सांगितलं आणि आडनावही सांगितलं. त्या 'हो का' म्हणाल्या. त्यांचं ते क्षणभर थांबणं मी लगेच ओळखलं, कारण तसं थांबणं मला जमायचं. मी तिथेच उभी राहिले, त्यांना पुढे काही विचारायचं असलं तर विचारता यावं म्हणून. त्यांनी नळाला पाणी कधी येणार ते विचारलं.

म्हातारी आमच्याकडे असतानाच बाळ झालं, मुलगी. तिच्या आडनावात व्याह्यांचं जुनं आडनाव, लेकीसाठी बदलतं तसं बदललेलं, एवढंच लावलं. आमच्या दोन्हींपैकी एकही नाही. ते मुलानं आणि सुनेनं मिळून ठरवलं आणि फोनवर सांगितलं. यजमान बरं म्हणाले. मधलं नाव मात्र त्या दोघांनी माझ्या सासऱ्यांचं ठेवलं, त्यांच्या आईनं त्यांना पाड्यावर हाक मारायला ठेवलं होतं ते. गुरुजींनी तेवढं बदललं नव्हतं.

मला हे ऐकून आनंद झाला असं म्हणणार नाही. दारावरच्या पाटीवरचं आडनाव आमच्या मुलापाशी संपणार, हे कळल्यावर आत काहीतरी हललं. ज्या नावाबद्दल एवढं सगळं ऐकलं, त्याच्यासाठीही हलावं याचं मला नवल वाटलं.

म्हातारीच्या डोळ्यांवर अजून काळा चष्मा होता. मी फोन तिच्या चेहऱ्याजवळ धरला. तिकडून व्याह्यांनी बाळाला पुढे केलं आणि नाव सांगितलं, पूर्ण, सावकाश. म्हातारीला पहिलं कळलं नाही, शेवटचंही कळलं नाही. मधलं मात्र तिनं बरोबर ऐकलं. ती थबकली, माझ्याकडे वळली आणि खालच्या आवाजात विचारलं, "आमच्या भाऊजींचं?"

मी हो म्हणाले. तिनं फोन माझ्या हातातून स्वतःकडे घेतला आणि त्या एवढ्याशा गोऱ्या पोरीला त्या नावानं हाक मारली.